दहाव्याच्या दिवशी झालेलं व्हेरिफिकेशन

तुमच्या अंकात दर महिन्याला कोणाला तरी पांढरी बाई दिसते, कोणाच्या तरी मागे पैंजण वाजतात. मी ते वाचते आणि मग त्याच कागदावर शेंगदाणे निवडते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आधीही नव्हता. माझं माहेर वाढवणचं. होडी घेऊन गेलेला माणूस परत आला नाही की आमच्याकडे म्हणत, अवसेला किनाऱ्यावर त्याची हाक ऐकू येते. माझा थोरला काका असाच गेला. मी लग्न होईपर्यंत त्याच किनाऱ्यावर राहिले, एकदाही हाक ऐकली नाही.

पण एक गोष्ट आहे जिचा मला आठ वर्षं उलगडा होत नाही. ती लिहून पाठवते. मी चौथी पास आहे, शुद्धलेखन तुम्ही बघून घ्या.

आमचं घर आशागडला, डहाणू रोड स्टेशनपासून फार लांब नाही. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे चार चिकूची झाडं. आमचे हे रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते, पंच्याऐंशी साली रिटायर झाले. मुलगा अरुण त्याआधीच अमेरिकेला नोकरीला गेलेला. त्याने एका वर्षी तिकडचं कॅलेंडर पाठवलं. बारा महिने, बारा नॅशनल पार्क. डोंगर, दऱ्या, अस्वलं. यांनी ते भिंतीला लावलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

रिटायर झालेली माणसं भजनाला जातात, नाही तर पारावर बसून सुनांच्या चुगल्या करतात. हे अमेरिकेतल्या पार्कांच्या ऑफिसांना पत्रं लिहायला बसले. सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड सर’, शेवटी सही आणि खाली ‘रिटायर्ड गार्ड’. आणि गंमत म्हणजे तिकडून उत्तरं यायची! जाडजूड पाकिटं, आत नकाशे, सगळं फुकट. पोस्टमन म्हणायचा, “गार्डसाहेब, तुमचं पाकीट आलं की माझ्या पिशवीत दुसऱ्या कोणाला जागा राहत नाही.”

चार वर्षं हेच. राहायची जागा वर्षभर आधी धरून ठेवावी लागते. एका पेट्रोल पंपापासून दुसरा साठ साठ मैल लांब. गाडीत खाण्याचं काही ठेवायचं नाही, अस्वल दार उपटून काढतं. जूनमध्येसुद्धा वरच्या रस्त्यावर बर्फ असतो. मला सगळं पाठ झालं होतं. एका पार्कात गरम पाण्याचा फवारा ठरलेल्या वेळाने जमिनीतून उडतो म्हणे. ते वाचून हे इतके खूश झाले की दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “आपल्याकडे गाडी वेळेवर येत नाही, तिथे पाणी वेळेवर येतं!”

मी म्हटलं, “गरम पाणीच बघायचं तर वज्रेश्वरीला जाऊ. अंघोळपण होईल.”

“अगं, वज्रेश्वरीचं पाणी उडतं का?”

“नाही उडत. म्हणून तर अंघोळ करता येते.”

पार्कात रोज चार-पाच मैल चालावं लागणार म्हणून मला कॅन्व्हासचे बूट आणले. नऊवारी पातळ आणि पायात पांढरे बूट, अशी मी रोज सकाळी आशागडच्या रस्त्याने चालायचे, हे पुढे घड्याळ बघत. बाजाराला निघालेल्या बाया डोक्यावरची पाटी सावरत हसायच्या. एकदा वाटेत म्हणाले, “लक्षात ठेव, अस्वल समोर आलं तर पळायचं नाही. शांत उभं राहायचं.”

मी म्हटलं, “चाळीस वर्षं काढली अस्वलाबरोबर. पळाले का?”

लोकांना वाटायचं आम्ही दोघं मोठ्या हौसेने तयारी करतोय. मला जायचं नव्हतं. मी ‘नाही’ म्हटलं नव्हतं आणि ‘हो’सुद्धा म्हटलं नव्हतं. मला वाटलं, नकाशे आहेत, कागद आहेत, माणूस गुंतलेला आहे, राहू दे. पण अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरमध्ये यांनी खरंच पासपोर्टचे दोन फॉर्म भरले. फोटो काढले, मी सही केली. जूनला निघायचं ठरलं.

जानेवारी उजाडला. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. दुपारी जेवताना हे म्हणाले, अजून एक पार्क घातलंय. चौदाचे सतरा दिवस होतील. मैलभर खोल दरी आहे, खाली उतरायला खेचर मिळतं.

मला काय झालं माहीत नाही. वाढता वाढता पळी भातात टाकली आणि म्हटलं, “खेचरावर तुम्ही बसा. चाळीस वर्षं तुमच्या ड्युटीच्या वेळेला जेवले, तुमच्या ड्युटीच्या वेळेला झोपले. आता अमेरिकेत जाऊन पण तुमच्या टाइमटेबलावर चालू? मी येत नाही. माझं नाव कापा. एकटे जा.”

यांनी उरलेला भात संपवला. हात धुतला, चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि आडवे झाले. चार वाजता चहा घेऊन गेले तर हात गार होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, कळलंही नसेल.

चहा मी मागे चिकूच्या बुंध्याशी ओतला. कप विसळून ठेवला. मग शेजारच्या कांताबेनला हाक मारली.

मी रडले नाही. बायका कुजबुजल्या, हिला धक्का बसलाय. धक्काबिक्का काही नव्हता. आत सगळं सुन्न होतं, दात काढायच्या आधी सुई टोचल्यावर गाल होतो तसं. लोक बोलत होते ते ऐकू येत होतं, मी उत्तरंही देत होते. त्या दुपारचं भांडण मात्र कोणालाच सांगितलं नाही. अरुणला नाही, दिराला नाही. तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. त्यातलं एक गेलं.

अरुणला येता आलं नाही. त्याचे तिकडचे कागद अर्धवट होते, बाहेर पडला असता तर परत आत घेतलं नसतं. दिवस माझ्या दिरांनी केले, बाळूभावोजींनी. दहावं डहाणूच्या किनाऱ्यावर, पारनाक्याला. सकाळी आठला टेम्पो केला, घरचे-बाहेरचे मिळून तीस-पस्तीस माणसं. निघताना मागच्या दाराला आतून कडी घातली, पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. हे मी स्वतः केलं.

पिंड ठेवले. कावळा शिवेना.

कावळे नव्हते असं नाही. सुरूच्या झाडांवर वीस-पंचवीस बसले होते. एक खाली यायचा, जरा लांब उतरायचा, मान वाकडी करून बघायचा आणि परत जायचा. साडेदहा झाले, अकरा झाले. सगळ्यांनी आपापलं बोलून घेतलं... वहिनीला बघू, घर बघू, काही काळजी करू नका. बाळूभावोजी हात जोडून म्हणाले, “दादा, अरुण वर्षाच्या आत येईल.” कावळा जागचा हलला नाही.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“वहिनी, तुम्ही म्हणा.”

“काय म्हणू?”

“अमेरिकेला जाईन म्हणा. दादाचा जीव त्या पार्कांत अडकलाय, लहान पोराला विचारलं तरी सांगेल. नुसतं म्हणायचंय.”

“मी जाणार नाही.”

“अहो, म्हणायला काय जातंय!”

“म्हटलं तर जावं लागेल.”

अरुणची एक आत्या पदराने नाक पुसत म्हणाली, “किती गं दगडाची तू. मेलेल्या माणसासाठी एक शब्द बोलवत नाही?”

नाही बोलवला. ऊन डोक्यावर आलं. वाळू तापली तरी मी उभी होते. बारा वाजून गेल्यावर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि आम्ही परत निघालो. कुलूप होतं तसंच होतं, मीच उघडलं. आत काही हललं होतं का, सतरंजी कशी होती, हे मला कोणी विचारू नका. त्या दिवशी मी काहीच बघत नव्हते. पस्तीस माणसांची पानं वाढायची होती.

एप्रिलमध्ये पोस्टमन आला. त्याच्या हातात यांच्या नावाचं एक रजिस्टर पाकीट होतं आणि माझ्या नावाचं एक साधं.

“काकू... रजिस्टर साहेबांच्या नावाचं आहे. सही त्यांचीच लागते.”

“मग जा वर आणि घेऊन ये.”

बिचारा ओशाळला. माझीच सही घेतली. पाकिटात यांचा पासपोर्ट होता. निळा, कोरा, आत फोटो. साध्या पाकिटातलं पत्र इंग्रजी होतं, ते त्यानेच वाचून सांगितलं. पोलीस अहवालाप्रमाणे अर्जदार बाईंची परदेशी जायची इच्छा नाही, म्हणून फाइल बंद.

म्हणजे मेलेल्याला पासपोर्ट आला आणि जिवंत माणसाचा रद्द झाला. पोस्टमन पायरीवर बसलाच. “काकू, पण पोलीस आले कधी? व्हेरिफिकेशनला घरी येऊन बघून जातात ना?”

मलाही आठवेना. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून कांताबेन म्हणाली, “आलेला ने हवालदार. तुम्ही समदे दरियावर गेलेले त्या दिवशी. मी ताप आलेली म्हणून घरात खाटल्यावर पडलेली. त्याची सायकल तुझ्या ओट्याला लावलेली, बराच वेळ होती. बोलताना पण ऐकला. मला वाटला, तुझ्यातला कोणी मागे राहिला असेल.”

“कोणाशी बोलत होता?”

“ते मला काय ठाऊक? हवालदारचा आवाज मोठा, त्याचाच आला.”

मागे कोणीही राहिलं नव्हतं. टेम्पोत बसताना मी माणसं मोजली होती.

दुसऱ्या दिवशी चौकीवर गेले. तो हवालदार आता गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या नाक्यावर आहे, असं कळलं. एस्टीने तलासरी गाठलं आणि तिथून जीपने अच्छाड. मिटल्या तोंडाने गेले, कोणाला सांगितलं नाही. नाक्यावर ही ट्रकांची रांग, सगळीकडे धूळ आणि डिझेलचा वास. हवालदार एका ढाब्याच्या ताडपत्रीखाली टोपी मांडीवर ठेवून बसला होता. पंचेचाळीसेक वर्षांचा असेल. मी आशागडचं नाव काढल्याबरोबर सावध झाला.

“काकू, मी तुमच्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाही. तक्रार करायला आला असाल तर—”

“तक्रार नाही. हा माणूस ओळखता का?” मी पासपोर्ट उघडून फोटो दाखवला.

त्याचा चेहरा खुलला. “अरे, गार्डसाहेब! आला का पासपोर्ट? गेले का मग अमेरिकेला?”

“गेले. जानेवारीत. तुम्ही घरी आलात त्याच्या नऊ दिवस आधी.”

तो आधी हसला. मग त्याने माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं. “काकू, ड्युटीवर आहे मी. अशी चेष्टा करू नका.”

“मी एवढ्या उन्हात इतक्या लांब चेष्टा करायला येईन, असं वाटतं का तुम्हाला?”

त्याने टोपी मांडीवरून उचलून बाकावर ठेवली. मग जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहिते, जेवढं आठवतं तेवढं.

“दार उघडंच होतं. खाली सतरंजीवर नकाशा पसरून बसले होते. अंगात बंडी, गळ्यात मफलर. चष्मा नव्हता, नकाशा अगदी डोळ्यांजवळ धरून बघत होते. मला म्हणाले, या, बसा. इतक्या प्रेमाने कोणी पोलिसाला बसा म्हणत नाही, म्हणून बसलो. एक पार्क दाखवून म्हणाले, यात आपले डहाणू, तलासरी, जव्हार सगळे तालुके मावतील. पाणी कुठे उडतं ते दाखवलं. मी म्हटलं, साहेब, सही करा, अजून दोन घरं आहेत. तर मला विचारलं, किती वाजले? मी सांगितलं, पावणेबारा. म्हणाले, ‘मग वेळ आहे. तिकडे अडकलेत सगळे, कावळ्याची वाट बघतायत.’ मी विचारलं, कोणाचं दहावं? तर म्हणाले, ‘आमच्या घरचंच.’ ”

ढाब्यावरच्या पोळ्यांचा वास येत होता, तेवढंच कळत होतं.

“सही केली?”

“माझ्या पेनाने. पेन परत पण दिलं. मी म्हटलं, बाईंचापण फॉर्म आहे, त्यांना बोलवा. तर म्हणाले, ‘ती येत नाही. माझं नाव कापा म्हणालीय. आज तिकडे सगळे तिला कबूल करायला लावत असतील. ती करायची नाही. तुम्ही कापून टाका.’ म्हणून मी तसा रिपोर्ट दिला.”

माझं नाव कापा. भात वाढताना मी हेच बोलले होते.

मी विचारलं, “कसे बोलले हे? रागाने?”

“रागाने म्हणजे?”

“चिडून म्हणाले का? की हसून? की नुसतं, एखादी बातमी सांगतात तसं? नीट आठवून सांगा.”

त्याने खरंच डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. तेवढ्यात मागे एक ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला, हा त्याच्यावर ओरडला आणि परत माझ्याकडे वळला.

“नाही आठवत काकू. तीन महिने झाले. मी नाव, पत्ता, वय बघतो. माणूस कसा बोलतो, ते आम्ही लिहीत नाही.”

“तोंड तरी बघितलं असेल ना?”

“मी खाली मान घालून लिहीत होतो.”

मग म्हणाला, “काकू, हे दुसऱ्या कोणाला सांगू नका. माझी नोकरी जाईल.” मी म्हटलं, मला तुमच्या नोकरीशी काय करायचंय. त्याने चहा मागवला. मी घेतला नाही, परत निघाले. नंतर दोनदा अच्छाडला गेले. पहिल्यांदा तो सुट्टीवर होता, दुसऱ्यांदा बदली होऊन गेला होता. कुठे, ते कोणी सांगितलं नाही.

मेलेल्या माणसाचा पासपोर्ट परत करायचा असतो, तो मी केला. यांनी सही केली तो पोलिसांचा कागद मी कधी पाहिला नाही. कोण दाखवणार आहे मला?

बाळूभावोजींचं म्हणणं सोपं आहे. हवालदार घरी गेलाच नाही, बाहेर कुठे तरी बसून त्याने कागद भरला. कावळा न शिवल्याची गोष्ट त्याच दिवशी बाजारभर झाली होती, ती त्याच्या कानावर गेली असणार. आणि मी सारखे प्रश्न विचारले म्हणून त्याने तिखटमीठ लावलं. सायकलचं काय विचारलं तर म्हणाले, कांताबेनला ताप होता. बरोबर आहे, मीही दुसऱ्या कोणाबद्दल असंच म्हटलं असतं. पण भांडणाचं भावोजींना माहीत नाही. आता हे छापून आलं तर कळेल. त्या दुपारी जेवण झाल्यापासून चार वाजेपर्यंत हे खोलीच्या बाहेर पडले नाहीत आणि मी आजवर तोंड उघडलेलं नाही. मग ते तीन शब्द बाजारात कसे गेले, हे मला कोणी सांगावं.

मी कोणाला पटवायला बसलेली नाही. मेलेला माणूस नकाशा पसरून बसतो का, यावर तुमच्या वाचकांनी हवा तेवढा वाद घालावा. माझं अडलंय ते दुसरीकडेच.

अरुण दर वर्षी फोनवर म्हणतो, “आई, ये. बाबांनी लिहून ठेवलंय तसं सगळं दाखवतो तुला, एकही पार्क सोडणार नाही.” यांनी ते ‘नाव कापा’ रागाने म्हटलं असेल, तर मला गेलं पाहिजे. खेचरावर बसून त्या दरीत उतरलं पाहिजे, कारण दुसऱ्या कोणत्या रीतीने ती दुपार मला मिटवता येणार नाही. आणि मला ओळखून, समजून म्हटलं असेल, तर त्यांनी मला त्यातून सोडवलंय. मग किनाऱ्यावर तीस-पस्तीस माणसांसमोर जे बोलले नाही, ते आता करायला जाणं बरोबर नाही. दोन्हीतलं काय, हे फक्त त्या हवालदाराने ऐकलं आणि तेव्हा तो खाली मान घालून लिहीत होता.

मागच्या महिन्यात भाचीने नवा फॉर्म आणून दिला. नाव, गाव, जन्मसाल, नवऱ्याचं नाव, सगळं मी सांगितलं तसं तिने इंग्रजीत भरलंय. फोटोपण चिकटवलाय. सहीची जागा मोकळी आहे.